एकट्याचा वासंतिक प्रवास व त्याची आखणी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, पळस फुलून गेला आणि उन्हाची धग अजून पुरती वाढलेली नाहीं, असे जे थोडे दिवस आपल्या वऱ्हाडांत मिळतात त्यांस आपण वसंत म्हणतों. प्रवासास हाच काळ उत्तम. परंतु "स्वतःचें वाहन नाहीं, सोबतीला कोणी नाहीं, मग जावें कसें?" असें म्हणून पुष्कळ विद्यार्थी, व त्यांहूनही अधिक विद्यार्थिनी, घरींच बसतात. आपल्याच जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्यांनीं केवळ पुस्तकांतल्या चित्रांत पाहिलें आहे, अशीं माणसें मोताळ्यांत थोडीं नाहींत. सार्वजनिक वाहनांनीं एकट्यानें प्रवास करणें ही शिकून घेण्याजोगी विद्या आहे. तिचे नियम थोडे आहेत. आणि मोताळ्याहून लोणारला जाणारास जे नियम लागू पडतात, तेच फ्रान्स देशांत आगगाडीनें फिरणारासही लागू पडतात. ते येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला नियम असा कीं, आखणी परतीपासून करावी. स्वतःच्या मोटारीनें जाणारा मनुष्य निघण्याची वेळ ठरवितो, एस्. टी. नें जाणारानें प्रथम शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. "लोणारला जाणारी गाडी किती वाजतां?" हा प्रश्न चौकशीच्या खिडकीशीं सर्वच जण विचारतात. "लोणारहून मेहकरकडे शेवटची गाडी किती वाजतां?" हा प्रश्न जो विचारतो, त्यावर रात्रीं थांब्यावर बसून राहण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. खेड्यांत मुक्कामी गाडी असते हें आपणांस ठाऊकच आहे. ती संध्याकाळीं गांवीं येते, रात्रीं तेथेंच राहते व पहाटे प्रथम सुटते. म्हणून आडवळणाच्या गांवीं मुक्कामी गाडीनें जावें व दुसऱ्या दिवशीं तिनेंच परतावें, ही आखणी फार सुरक्षित होय.

दुसरा नियम गाडी बदलण्याच्या ठिकाणांविषयीं आहे. नकाशावर दोन गांवें जवळ दिसलीं म्हणजे त्यांमधील प्रवास सोपा असतोच असें नाहीं. मोताळा हें मलकापूर–बुलढाणा रस्त्यावर आहे. मलकापुरास भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मिळतो. पण जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बुलढाणा, तेथें आगगाडी नाहीं. खामगांवास स्टेशन आहे, परंतु तें मुख्य मार्गावर नसून जलंबहून निघालेल्या फांट्यावर आहे. हा फांटा कापसाच्या व्यापारासाठीं १८७० सालीं बांधला गेला. तेव्हां मलकापुराहून आगगाडीनें खामगांवास जाणारास जलंब येथें उतरावें लागतें. अशा प्रत्येक ठिकाणीं निदान एका तासाची सवड ठेवावी. पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी आपल्यासाठीं थांबत नाहीं.

फ्रान्समध्यें हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथील लोहमार्गांची रचना १८४२ च्या कायद्यानें पॅरिस हें केंद्र धरून झाली. ताऱ्याचे किरण निघावे तसे मार्ग राजधानींतून चोहोंकडे निघाले. १९८१ सालीं पॅरिस व लियों यांमध्यें अतिवेगवान गाडी सुरू झाली, तिनेंही हीच रचना पुढें चालविली. यामुळें पश्चिमेकडील बोर्दोहून पूर्वेकडील लियोंस जाणारास पॅरिसवरून वळसा घेऊन जाणेंच पुष्कळदां सोयीचें पडतें. पण बोर्दोची गाडी मोंपार्नास या स्टेशनांत येते व लियोंची गाडी गार द लियों या दुसऱ्याच स्टेशनांतून सुटते. दोहोंमधील अंतर भुयारी रेल्वेनें तोडावें लागतें. ही गोष्ट आधीं ठाऊक नसेल, तर हातांत तिकीट असूनही गाडी चुकते.

तिसरा नियम ऋतूचा. वसंत सर्वत्र एकाच वेळीं येत नाहीं. फ्रान्समध्यें तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. म्हणून मार्चअखेर आव्हिन्यों व आर्ल, एप्रिलांत लियों आणि मे महिन्यांत सफरचंदाच्या फुलोऱ्याचा नॉर्मंडी प्रांत, असा क्रम शहाणपणाचा ठरतो. लव्हेंडरचीं जांभळीं शेतें मात्र जूनअखेरीपूर्वीं पाहावयास मिळत नाहींत. तेथील सुट्ट्याही ध्यानांत घ्याव्या. ईस्टरचा सोमवार, स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्टचा सोमवार, तसेच १ मे व ८ मे, या दिवशीं गाड्यांस गर्दी तरी असते किंवा गांवांतील बस तरी कमी धांवतात.

आपल्याकडे वसंताची मुदत फार थोडी. मोताळा पायनघाटांत, तर राजूरचा घाट चढून गेल्यावर लागणारें बुलढाणा बालाघाटावर आहे. खालीं ऊन लवकर तापतें. वर सकाळ व संध्याकाळ अधिक दिवस सुखाची राहते. म्हणून होळी झाली कीं निघावें आणि चालण्याचें काम सकाळींच उरकावें.

आतां या नियमांनीं तीन दिवसांचा एक फेरा आंखून पाहूं. पहिल्या दिवशीं सकाळीं मोताळ्याहून बुलढाणा, चिखली व मेहकर या मार्गानें लोणार गांठावें. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक आहे, परंतु गाड्या बदलावयाच्या असल्यामुळें त्या दिवशीं दुसरें कांहीं योजूं नये. राहण्याची जागा मात्र निघण्यापूर्वींच ठरवावी.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच सरोवर पाहावें. बेसॉल्ट खडकांत अशनिपातानें झालेलें हें विवर सुमारें १८०० मीटर रुंद व सुमारें १५० मीटर खोल आहे. पाणी खारट व क्षारयुक्त आहे. २०२० च्या जून महिन्यांत तें सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झालें होतें, आणि त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत या सरोवराचा समावेश झाला. हें अभयारण्य असल्यानें आंत जाण्याच्या वेळा आदल्या दिवशींच विचारून घ्याव्या व उतरतांना पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. गांवांतील दैत्यसूदनाच्या मंदिरावरील कोरीव काम पाहून दुपारीं सुलतानपूरवरून सिंदखेड राजाकडे निघावें.

तिसऱ्या दिवशीं लखुजीराव जाधवांचा वाडा व त्यांची समाधि पाहावी. जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजीं याच वाड्यांत झाला. नंतर देऊळगांव राजा, चिखली, बुलढाणा असें करीत संध्याकाळच्या आंत घरीं यावें. हा फेरा वर्तुळाकार असल्यामुळें तोच रस्ता सबंध दोनदां तुडवावा लागत नाहीं. आणि चिखली व मेहकर येथें आगारें असल्यामुळें वाटेंत अडचण आली तर तेथून परत फिरतां येतें.

चौथा नियम पैशाचा व पर्यायाचा. मार्च २०२३ पासून एस्. टी. मध्यें स्त्रियांस अर्धें भाडें पडतें. शिवाय 'आवडेल तेथें प्रवास' या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. युरोपांतही परदेशी प्रवाशांसाठीं असाच रेल्वेचा पास आहे. परंतु फ्रान्समधील अतिवेगवान गाडींत पास असूनही जागा निराळे पैसे भरून राखून ठेवावी लागते. लांबचा फेरा असेल तरच पास परवडतो. म्हणून सुट्या तिकिटांची बेरीज आधीं करून पाहावी. संपाचाही विचार मनांत असूं द्यावा. फ्रान्समध्यें रेल्वेचे संप वरचेवर होतात, आणि आपल्याकडेही ऑक्टोबर २०२१ मध्यें सुरू झालेला एस्. टी. चा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला होता. तेव्हां एक दिवस अधिक व एका दिवसाचा खर्च निराळा, एवढें हाताशीं ठेवावें.

शेवटचा नियम विशेषतः विद्यार्थिनींसाठीं सांगतों. गाड्यांच्या वेळा, बदलण्याचीं ठिकाणें, मुक्कामाची जागा व तेथील फोनचा आंकडा एका कागदावर स्वच्छ लिहावा. त्याची एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी व दुसरी आईच्या हातीं द्यावी. फोनवर सर्व माहिती असते हें खरें. पण फोन बंद पडतो, कागद बंद पडत नाहीं. प्रत्येक मुक्कामीं पोहोंचल्यावर घरीं कळवावें. वडील माणसें नको म्हणतात तीं बहुधा प्रवासाला नव्हे, तर ठावठिकाणा नसलेल्या प्रवासाला नको म्हणतात. मुलगी या क्षणीं कोठें असेल व रात्रीं कोठें उतरेल हें कागद पाहून आईस सांगतां आलें, म्हणजे निम्मी परवानगी मिळालीच असें समजावें. प्रथम कागदावर सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतण्याचा एकच दिवस लिहावा. तो नीट पार पडला कीं तीन दिवसांचा फेरा मागण्यास संकोच वाटणार नाहीं. पुढें शिक्षणासाठीं पुण्यास, नागपुरास किंवा सातासमुद्रापलीकडे जाण्याचा योग आला, तर तेथेंही अशाच कागदापासून आरंभ करावयाचा आहे.