कोकोची तरतरी, चॉकलेटची तलफ

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विला मिशनर आणि पॉल रोझिन यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चॉकलेटची तलफ नेहमी येणाऱ्यांना त्यांनी तलफेच्या वेळी निरनिराळ्या गोष्टी खायला दिल्या. कधी दुधाचं चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट, कधी कोको पावडर भरलेल्या कॅप्सूल, तर कधी कोको नसलेल्या बनावट कॅप्सूल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी, दूध आणि साखर असते, पण कोकोचा तपकिरी भाग नसतो. आनंद देतात म्हणून कोकोतल्या ज्या रसायनांचं एवढं कौतुक होतं ती जवळपास सगळी या तपकिरी भागातच असतात. कॅप्सूलचं नेमकं उलट होतं, म्हणजे रसायनं सगळी आणि चव काहीच नाही.

दुधाच्या चॉकलेटने तलफ भागली. पांढऱ्याने थोडीफार भागली. कॅप्सूलने मात्र अजिबात भागली नाही. पांढऱ्या चॉकलेटबरोबर कोकोच्या कॅप्सूल गिळायला दिल्या, तरी नुसत्या पांढऱ्या चॉकलेटपेक्षा जास्त समाधान कुणाला मिळालं नाही.

म्हणजे तलफ भागवली ती चवीने, रसायनांनी नाही. तरीही ‘कोको म्हणजे नैसर्गिक आनंदाची गोळी’ असं सांगणाऱ्या पाकिटांची आणि व्हिडिओंची सध्या रेलचेल आहे. गोव्यात, पुण्या-मुंबईत ‘ककाओ सेरेमनी’ भरतात. त्यात कोकोचं दाट पेय पिऊन ध्यान होतं, नाच होतो. कोकोचा काही उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. उपयोग आहे, आणि तो काही बाबतींत चांगला तपासलेलाही आहे. पण मनाला होणारा आनंद आणि रक्तवाहिन्यांना होणारा फायदा या दोन गोष्टी कोकोच्या एकाच गुणातून येत नाहीत. विकणारे त्या एकाच पुडीत बांधून देतात.

आधी मनाचं बघू. आनंद देणारं म्हणून ज्याचं नाव घेतात ते फेनिलइथिलअमाइन कोकोत असतं, हे खरं. पण ते पोटात गेलं की आतड्यातली आणि यकृतातली विकरं त्याचा लगेच फडशा पाडतात, त्यामुळे मेंदूपर्यंत पोचायला फारसं काही उरत नाही. १९९६ साली डॅनिएले पिओमेली यांच्या गटाला चॉकलेटमध्ये अ‍ॅनंडामाइड सापडलं. गांजातल्या द्रव्याला मेंदूत जिथे जागा मिळते तिथेच हेही बसतं, म्हणून तेव्हा मोठा गाजावाजा झाला. प्रमाण मात्र अत्यल्प होतं. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन दोन चमचे कोकोत असतं त्याहून जास्त पेलाभर दुधात असतं. दुधाला कुणी आनंदाची गोळी म्हणत नाही.

उरतं थिओब्रोमिन. हे कॅफिनचं चुलत भावंड. दहा ग्रॅम कोको पावडरमध्ये ते साधारण दोनशे मिलिग्रॅम असतं आणि कॅफिन सुमारे वीस. ब्रिस्टल विद्यापीठात हेन्ड्रिक स्मिट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ही जोडी तपासली. २५० मिलिग्रॅम थिओब्रोमिन आणि १९ मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे पन्नासेक ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये असतं तेवढं, कॅप्सूलमधून दिलं. चव नसतानाही लोकांना तरतरी आली आणि त्यांचा प्रतिसादाचा वेगही सुधारला. म्हणजे कोकोचा मनावर औषधासारखा परिणाम होतो तो हा. आपण चहाकडून जे मागतो तेच, जरा सौम्य आणि जास्त वेळ टिकणारं.

पण जास्त घेतलं म्हणजे जास्त आनंद, असा हिशेब इथे चालत नाही. २०१३ साली मॅथ्यू बॅगट आणि सहकाऱ्यांनी ऐंशी निरोगी लोकांना २५०, ५०० आणि १००० मिलिग्रॅम थिओब्रोमिन देऊन पाहिलं. अडीचशेला फारसं काही जाणवलं नाही, जाणवलं ते किंचित बरं. मात्रा वाढली तशी मनःस्थिती उलट बिघडली आणि हजारला हृदयाचे ठोके वाढले. सेरेमनीत एका माणसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास कोकोचा गोळा देतात. त्यात चार-पाचशे मिलिग्रॅम थिओब्रोमिन सहज असतं. छाती धडधडली की ‘हृदय उघडतंय’ असं तिथे सांगतात. माझ्या मते ते थिओब्रोमिन असतं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आणि मनाच्या आजारावर औषधं घेणाऱ्यांनी अशा पेल्याला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

नैराश्य आणि चॉकलेट यांचा संबंध दाखवणाऱ्या पाहण्यांची तर गंमतच आहे. २०१० साली बिएट्रिस गोलॉम्ब यांच्या गटाला अमेरिकेत असं दिसलं की नैराश्याची लक्षणं असलेले लोक चॉकलेट जास्त खातात. २०१९ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी १३,६२६ अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली, तर डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत ही लक्षणं कमी आढळली. उदास माणूस चॉकलेट खातो, की चॉकलेट खाणारा उदास होत नाही? एका वेळी विचारलेल्या प्रश्नावलीतून हे कळूच शकत नाही. ‘डार्क चॉकलेट खा, नैराश्य टाळा’ असे मथळे मात्र लगेच झळकले. प्रत्यक्ष चाचण्यांत हाती लागलं ते अगदी माफक. ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या चाचणीत महिनाभर रोज ५०० मिलिग्रॅम कोको पॉलिफिनॉल घेणाऱ्या लोकांनी जास्त शांत आणि समाधानी वाटत असल्याचं सांगितलं. दक्षिण कोरियातल्या एका लहानशा चाचणीत तीन आठवडे रोज तीस ग्रॅम ८५ टक्के कोकोचं चॉकलेट खाणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली, ७० टक्केवाल्यांची नाही. दोन्ही चाचण्या शंभराच्या आतल्या लोकांवर झालेल्या. उत्सुकता वाटावी एवढं त्यांत आहे, पण उपचार म्हणावं असं काही नाही.

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. इथे कोकोची बाजू बरीच भक्कम आहे.

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत सान ब्लास बेटं आहेत. तिथल्या गुना लोकांचा, पूर्वी त्यांना कुना म्हणत, वय वाढलं तरी रक्तदाब वाढत नाही, असं ऐकून हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग १९९०च्या दशकात तिथे गेले. गोष्ट खरी निघाली. मीठही ते काही कमी खात नव्हते. हे रक्तातच असेल म्हणावं, तर तेच लोक पनामा सिटीत राहायला गेले की त्यांचा रक्तदाब इतरांसारखाच वाढू लागे. बेटावर आणि शहरात जे फरक होते, त्यांत एक ठळक होता. बेटावरचे लोक दिवसाकाठी कित्येक पेले कोको पीत. अर्थात ते मासे खूप खात, होड्या वल्हवत, शहराच्या धकाधकीपासून लांब राहत. त्यामुळे सगळं श्रेय कोकोला देता येत नाही, पण चौकशीला इथून दिशा मिळाली.

कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉल गटातल्या द्रव्यांवर, विशेषतः एपिकॅटेचिनवर, संशय गेला. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड जास्त उपलब्ध करून देतात, आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या आणि १८०० हून जास्त लोक होते. रक्तदाब सरासरी १.७६ मिलिमीटरने उतरलेला दिसला. ज्यांचा मुळातच वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा साधारण चारने. गोळी बंद करावी इतकं हे मोठं नाही, पण खाण्याच्या एका पदार्थाकडून एवढं मिळणंही कमी नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवायला मदत करतात, हा दावा मान्य केला.

सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत. २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांनी सुमारे साडेतीन वर्षं रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलचा कोको अर्क किंवा बनावट कॅप्सूल घेतल्या. २०२२ साली निकाल आला. हृदयविकाराच्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी होत्या, पण हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. हृदयविकाराने झालेले मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते. मात्र तपासायचा मुख्य प्रश्न तो नव्हता, म्हणून संशोधकांनी स्वतःच त्याबद्दल सावधपणे लिहिलं. या चाचणीला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीच्या एका विभागाचं आर्थिक पाठबळ होतं, हेही वाचकाला माहीत असावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली जास्त फ्लॅव्हॅनॉल असलेल्या कोको पावडरच्या पाकिटावर हृदयाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, पण पुरावा ‘अत्यंत मर्यादित’ आहे हे त्यासोबतच छापायचं. साध्या कोकोला आणि चॉकलेटला हा दावा लागू नाही.

का लागू नाही? कारण फ्लॅव्हॅनॉल कडू-तुरट असतात, आणि गेली दोनशे वर्षं कोकोच्या धंद्यात कडू-तुरटपणा घालवण्याचीच खटपट चालली आहे. कोकोचं झाड मूळचं अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोरमध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत त्याचे अंश सापडले आहेत. मध्य अमेरिकेत कोको पेय म्हणून प्यायला जाई, बहुधा बिनसाखरेचा. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन यांनी १८२८ साली दाबयंत्राने कोकोतलं लोणी वेगळं काढायची पद्धत आणली, आणि पुढे पावडरीला अल्कली लावायला सुरुवात केली. या ‘डच’ पावडरीचा रंग गडद, चव मऊ, पाण्यात ती छान मिसळते. पण अल्कलीने बरेचसे फ्लॅव्हॅनॉल नष्ट होतात. हर्शी कंपनीच्याच संशोधकांनी २००८ साली बाजारातल्या पावडरी मोजल्या. अल्कली न लावलेल्या एक ग्रॅम पावडरीत सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल होते, भरपूर अल्कली लावलेलीत ३.९. ढोबळ हिशेब केला, तर कॉसमॉसमधल्या मात्रेसाठी पहिली पावडर पंधरा ग्रॅम पुरेल. दुसरी सव्वाशे ग्रॅमच्या वर लागेल, आणि एवढी कोण खाणार?

म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा घटकांची यादी वाचावी. त्यात आम्लता नियंत्रक म्हणून ५००, ५०१ किंवा ५२४ असे आकडे दिसले, तर अल्कली लावलेली असण्याची शक्यता दाट. रंगही सांगतो. नैसर्गिक पावडर फिकट, विटकरी तपकिरी आणि चवीला आंबटसर असते. जितकी काळीभोर, तितकी भुकटी खऱ्या कोकोची, हा आपल्याकडचा समज उलटा आहे. ‘रॉ ककाओ’, म्हणजे कच्चा कोको, या लेबलवर दुप्पट पैसे मोजण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की कोकोच्या बिया काढल्यावर पाचेक दिवस ढिगात आंबवतात, आणि त्या ढिगाची उष्णता पन्नास अंशांच्या आसपास जाते. आंबवल्याशिवाय चॉकलेटची चव येतच नाही, आणि आंबवताना काही फ्लॅव्हॅनॉल जातातच. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर बहुधा पहिला घटक साखर असतो. घरगुती चॉकलेटसाठी दुकानात मिळणाऱ्या ‘कंपाउंड’मध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. दोन्ही आवडीने खावेत, त्यांच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये.

भारतात कोको केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत पिकतो, बहुतेक नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून. तिथल्या बियांपासून चॉकलेट बनवणारे लहान उद्योग आता बरेच झाले आहेत, आणि त्यांपैकी काही बिनअल्कलीची पावडरही विकतात.

रोज घ्यायची तर दोन चहाचे चमचे नैसर्गिक पावडर गरम पाण्यात किंवा दुधात चांगली घोटावी. चिमूटभर सुंठ किंवा जायफळ घातलं तर तुरटपणा सुसह्य होतो. थोडा गूळ चालेल, पण गुळाचे चमचे कोकोपेक्षा जास्त झाले की पुन्हा आपण ड्रिंकिंग चॉकलेटच पीत असतो. संध्याकाळनंतर टाळावी, झोपेवर परिणाम होऊ शकतो. रक्त कमी असणाऱ्या बायकांनी तर जेवणाबरोबर घेऊच नये. कोकोत लोह भरपूर असतं, पण चहाप्रमाणे यातलीही पॉलिफिनॉल लोह बांधून ठेवतात आणि भाजी-भाकरीतलंही शोषू देत नाहीत. मुतखड्याचा त्रास असलेल्यांसाठी यातलं ऑक्झलेट चांगलं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या काही जमिनींतून बियांत कॅडमियम उतरतं, म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून चॉकलेट आणि कोको पावडरला त्याची मर्यादा घालून दिली आहे. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना रोज मोठ्या मात्रेत कोको न देण्याचं तेही एक कारण.

आणि घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवावा. माणसाचं शरीर थिओब्रोमिन काही तासांत निकालात काढतं, कुत्र्याच्या शरीराला मात्र त्यासाठी फार वेळ लागतो. साखर नसलेली ही पावडर त्याच्यासाठी दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त विषारी असते.