बाजाराचे गाव : पनवेल

कोपरखैरणे येथून पनवेलला जाण्यास आज लोकलगाडीने एक तासही लागत नाही. तुर्भे, नेरूळ, बेलापूर, खारघर अशी स्थानके मागे पडतात. एका बाजूस पारसिकच्या डोंगरांची रांग आणि दुसऱ्या बाजूस उंच इमारतींची गर्दी सतत सोबत करीत असते. यांपैकी बहुतेक वस्ती १९७० नंतरची आहे. त्या वर्षी ‘सिडको’ची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसविण्याचे काम तिच्याकडे आले. कोपरखैरण्याची भातखाचरे गेली, मिठागरेही गेली आणि त्या जागी आखीव रस्त्यांचे विभाग उभे राहिले. पनवेल मात्र असे कोणी नकाशावर आखून वसविलेले नाही. ते बाजारामुळे वाढलेले गाव आहे.

बाजाराचे गाव कोठेही वाढत नाही. त्यास काही कारण लागते. पनवेलचे कारण समजून घ्यावयाचे असेल, तर आगगाडीचे रूळ आणि डांबरी रस्ते क्षणभर विसरावे लागतील. मुंबईच्या बंदरापासून एक खाडी पूर्वेकडे जमिनीत शिरते. या खाडीच्या शेवटच्या टोकाशी, गाढी नदीच्या काठी पनवेल वसले आहे. येथवर पडाव आणि मचवे येऊ शकत. येथून पुढे पाणी संपे आणि बैलाचा रस्ता सुरू होई. जेथे एक वाहन थांबते आणि दुसरे निघते, तेथे माल उतरवावा लागतो, साठवावा लागतो, मोजावा लागतो. हमाल, वखारवाले, अडते, खाणावळी हे सारे मग आपोआपच गोळा होतात.

देशावरचा माल घाट उतरून येथे येई. पूर्वी वंजारी लोक बैलांच्या पाठीवर गोणी लादून तो आणीत, कारण बोरघाटाची वाट गाडीला साधण्यासारखी नव्हती. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे भाग्य उजळले. कापूस, धान्य, गूळ यांच्या गाड्या घाटाखाली येऊ लागल्या. परत जाताना त्या मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईचे कापड नेऊ लागल्या. मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासीही होडीने पनवेलला उतरत आणि पुढची वाट धरीत.

या बाजाराला दोन पंचांगे पाहावी लागत. एक वारांचे आणि दुसरे भरतीचे. खाडीच्या टोकाशी पाणी उथळ असल्यामुळे भरलेला पडाव भरतीच्या वेळीच आत येऊ शके. भरती दिवसातून दोनदा येते. पण ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पौर्णिमा आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाचे पाणी चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी पाण्याची भरती असते. त्यामुळे कोळ्यास आणि व्यापाऱ्यास तिथी सांगितली की माल केव्हा लागेल, हे घड्याळावाचून कळे.

पनवेलचा सर्वांत नामांकित धंदा मात्र पाण्यावरचा नव्हता, तो चाकांचा होता. घाट उतरून आलेल्या गाडीची चाके दगडधोंड्यांवरून खिळखिळी होत आणि तशीच चाके घेऊन घाट चढणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून देशावरचे गाडीवान येथून नव्या चाकांची जोडी घेऊन जात. चाक करणे हे सुताराचे आणि लोहाराचे मिळून काम असते. मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले वाकडे पुठ्ठे एवढे काम सुताराचे. मग लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव तयार करतो. ती आगीत लाल होईपर्यंत तापविली की पसरते. तशीच चिमट्यांनी उचलून ती चाकावर चढवितात आणि लगेच वर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि आरे व पुठ्ठे एकमेकांत असे घट्ट आवळले जातात की त्यांना खिळ्याची गरजच उरत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हा शाळेतील धडा या कारागिरांनी शाळेत न जाता आत्मसात केला होता.

अशी गावे जगात सर्वत्र आढळतात. इंग्लंडमध्ये लहान लहान बाजारगावे पुष्कळ आहेत. मध्ययुगात तेथे बाजार भरविण्यास राजाची सनद लागे आणि बाजाराचा वारही ठरलेला असे. तेराव्या शतकातील हेन्री ब्रॅक्टन या कायदेपंडिताने असे लिहून ठेवले की, दोन बाजारांत किमान पावणेसात मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर अंतर असावे. त्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. माणूस दिवसात २० मैल चालतो असे धरावे. दिवसाचा एक तृतीयांश भाग जाण्यात, एक तृतीयांश खरेदी-विक्रीत आणि उरलेला परतण्यात जावा, म्हणजे तो उजेडी घरी पोहोचेल. मार्केट हारबरो, मार्केट ड्रेटन अशा नावांत तेथे बाजार अद्याप टिकून आहे. आपल्याकडेही अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे गाव आहे आणि त्याच जिल्ह्यात चांदूर रेल्वेही आहे. बाजार आणि रेल्वे यांनी गावांची नावे वाटून घ्यावीत, हे काही उगीच नव्हे.

कारण रेल्वे बाजार वाढविते, तशी बुडवितेही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. पण ती कल्याण-कर्जतवरून गेली. देशावरच्या मालाला पनवेलच्या बंदराचे काम उरले नाही. गाव ओस पडावयाचे, पण पडले नाही. दूरचा व्यापार गेला, तरी भोवतालच्या खेड्यांचे भात, मीठ आणि मासळी होतीच. पेठेतील वस्तीही नाना तऱ्हेची होती. मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक, ज्यांना शनवार तेली म्हणत, येथे राहत. त्यांचे १८४९ चे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. १८५२ सालीच येथे नगरपालिका स्थापन झाली होती आणि १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. पुढे रूळ आले, ते जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६४ साली दिव्याहून. मुंबईची लोकलगाडी १९९८ साली पोहोचली.

खाडी आता मालवाहतुकीची राहिली नाही. पण तिला विसरून चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली, तेव्हा गाढी नदीचे पाणी समुद्रात न जाता गावात शिरले. जवळच नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. त्यासाठी उलवे नदीचे पात्र वळवावे लागले आणि एक टेकडी कापावी लागली. २०१६ पासून पनवेल ही महानगरपालिका आहे. जमिनीचे भाव चढले, जुने वाडे पडले आणि चाके करणाऱ्यांचा धंदा तर केव्हाच नाहीसा झाला.

तरीही पावसाळ्यात कोपरखैरण्याहून कोणी जुन्या पनवेलच्या बाजारात उतरला, तर त्यास रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेल्या ठाकूर आणि कातकरी स्त्रिया दिसतील. शेवळे, टाकळा, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या त्या डोंगराखालच्या वाड्यांतून पहाटे खुडून आणतात. शेवळ्यासोबत काकडे हे आंबट फळ त्या आठवणीने देतात, कारण त्यावाचून शिजविलेली शेवळ्याची भाजी घशाला खाजते. पलीकडे आगरी स्त्रिया सुकट आणि बोंबील विकीत असतात. ज्यांची खाचरे शहराखाली गेली, अशा घरांतील स्त्रियाही आता येथे भात विकावयास नव्हे, तर तांदूळ विकत घ्यावयास येतात. दुपार कलली की टोपल्या रिकाम्या होऊ लागतात आणि उरलेल्या जुड्या दोनाच्या भावात तीन जातात. कारण वाडीकडे जाणारी एस.टी. गाठावयाची असते आणि ती चुकली, तर पुढची वाट पायीच तुडवावी लागते.