निधीवाटपातला पक्षपात: संशय ते पुरावा

‘वर आपला माणूस असला की निधी येतो,’ हे वाक्य तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. पण संशोधक म्हणून हेच सिद्ध करायचं झालं तर? त्यासाठी ब्राझीलवरचा एक अभ्यास बघू.

ब्राझीलमध्ये साडेपाच हजारांहून जास्त नगरपालिका आहेत. महापौर थेट मतदानाने आणि पक्षाच्या नावावर निवडून येतात. केंद्राकडून येणारा काही पैसा लोकसंख्येच्या सूत्राने ठरतो, तिथे मर्जीला फारसा वाव नाही. पण पायाभूत सुविधांसाठीच्या काही अनुदानांचा निर्णय केंद्राच्या हातात असतो. पक्षपात शोधायचा तर इथे.

सत्ताधारी आणि विरोधी महापौरांच्या शहरांची सरळ तुलना केली तर? अडचण अशी की सत्ताधारी जिथे जिंकतात ती शहरं मुळातच वेगळी असू शकतात, समजा जास्त गरीब. मग जादा निधी पक्षामुळे आला की गरिबीमुळे?

फर्नांडा ब्रोलो आणि टोमासो नानिचिनी यांनी 2012 च्या शोधनिबंधात यावर तोडगा काढला: अटीतटीच्या लढतींवर लक्ष द्यायचं. अगदी थोड्या मतांनी लागलेला निकाल जवळपास नाणेफेकीसारखाच. त्यामुळे दोन्ही बाजूंची शहरं सरासरीने सारखी धरता येतात. या पद्धतीला ‘रिग्रेशन डिसकंटिन्युटी’ म्हणतात.

निष्कर्ष काय? निवडणुकीआधीच्या वर्षांत राष्ट्राध्यक्षांच्या आघाडीतल्या महापौरांना असं अनुदान सुमारे एक तृतीयांश जास्त मिळालं. पण खरी गोम पुढे आहे. हा फरक मुख्यतः आपल्यांना बक्षीस दिल्यामुळे नाही, तर थोडक्यात जिंकलेल्या विरोधकांचा निधी रोखल्यामुळे पडला. कामाचं श्रेय महापौराला मिळतं, म्हणून पुढच्या निवडणुकीआधी त्याचे हात बांधायचे! यात भरडले जातात शहरातले सगळेच, सत्ताधाऱ्यांना मत दिलेले जवळपास निम्मे लोकसुद्धा.

एक मर्यादा लक्षात ठेवा: हा निष्कर्ष अटीतटीच्या जागांपुरता आहे. एकतर्फी जिंकलेल्या शहरांना तो जसाच्या तसा लावू नका.

आणि महाराष्ट्रात असा अभ्यास करायचा असेल, तर आधी मोजमापाचा विचार करा. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. मग कोणता सरपंच कोणाचा, हे कशावरून ठरवणार? निकालानंतर प्रत्येक पक्ष करतो त्या दाव्यांवरून तर नक्कीच नाही. याचं उत्तर सापडेपर्यंत आकडेमोडीला हात लावू नका.