बोनेट उघडलं की अमेरिका

‘विकणे आहे : एमजीबी रोडस्टर. रोव्हर व्ही-८ इंजिन, पाच गिअर, हेरिटेज बॉडी, क्रोम बंपर.’ ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या जाहिराती चाळताना अशा थाटाची ओळ हमखास भेटते. सराईत वाचक किंमत बघून पुढे जातो. पण जरा थांबून हिशेब केला तर चक्रावायला होतं. इंजिन जन्माने अमेरिकन. बॉडी गाडीपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी धाकटी. बंपर बऱ्याचदा आधीच्या सालातल्या गाडीचे. गिअरबॉक्स भलत्याच कुळातला. आणि तरीही विकणारा तिला बिनदिक्कत सत्तरच्या दशकातली एमजीबी म्हणतो, घेणारा मान्य करतो आणि कागदोपत्री सरकारही मान डोलावतं. हे जमतं कसं?

एमजीबी ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावातल्या कारखान्यातून ती १९६२ साली बाहेर पडली आणि १९८० पर्यंत बाहेर पडत राहिली. एकूण पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा जहाजात बसून अमेरिकेला गेल्या. दोन माणसं, कापडी हूड, लांब नाक, पुढे १७९८ सीसीचं ओतीव लोखंडाचं चार सिलिंडरांचं इंजिन, ताकद साधारण ९५ हॉर्सपॉवर. पगारदार माणसाला परवडेल अशी चैन.

हे इंजिन एमजीची मालक असलेल्या बीएमसी कंपनीच्या ‘बी सीरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये कित्येक वर्षं बसत होतं. दोन्ही इंजिनांमध्ये पिस्टन खालीवर जितका फिरतो ते अंतर अगदी सारखं, ८८.९ मिलिमीटर, एमजीबीसाठी सिलिंडरचा व्यास तेवढा वाढवला. तिच्या आधीची एमजीए तर सुरुवातीला १४८९ सीसीवरच धावायची. लाल दिवा लावून मंत्रालयाच्या आवारात शिरणारी पांढरी ॲम्बॅसॅडर आणि इंग्लंडातल्या घाटवळणांवर हूड उतरवून पळणारी एमजी, ही सख्खी चुलत भावंडं होती.

घराणं दणकट, पण चपळ म्हणावं असं नाही. चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत घ्यायला हेडमध्ये तोंडं दोनच. पहिल्या-दुसऱ्याने एक वाटून घ्यायचं, तिसऱ्या-चौथ्याने दुसरं. त्यात ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ असा. म्हणजे तिसऱ्याच्या पाठोपाठ चौथा आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ पहिला. एकाचं ओढून होतंय न होतंय तोच त्याच तोंडाशी शेजारी हजर. असल्या इंजिनातून ताकद वाढवायची म्हणजे हेड घासायचं, कॅमशाफ्ट बदलायचा, मोठा वेबर कार्बोरेटर लावायचा. लोक ते आजही हौसेने करतात. ज्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं, त्यांनी इंजिनच काढून टाकलं.

त्या जागी आलेल्या इंजिनाची कुळकथा कादंबरीत शोभेल. जनरल मोटर्सने १९६१ सालच्या गाड्यांसाठी एक छोटं व्ही-८ काढलं. आपल्याला साडेतीन लिटर मोठं वाटतं, पण तेव्हाच्या अमेरिकेत ते लहानच. ब्यूक आणि ओल्ड्समोबिल या गाड्यांत ते बसवलं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळे वजन नवलाईने कमी. पण ॲल्युमिनियमचं ओतकाम महाग पडत होतं, सदोष ब्लॉक बरेच निघत होते आणि चुकीचं कूलंट घातलं की आतून खराबी व्हायची. तेवढ्यात लोखंडाचीच पातळ भिंतींची इंजिनं स्वस्तात ओतायचं तंत्र हाती आलं आणि १९६३ नंतर कंपनीने हे इंजिन गुंडाळून ठेवलं. (टाकून दिलेल्या या मालाची ताकद एका ऑस्ट्रेलियन कंपनीने मात्र ओळखली. ओल्ड्समोबिलच्या ब्लॉकवरून रेप्कोने शर्यतीचं इंजिन बनवलं आणि १९६६ साली जॅक ब्रॅबहॅम त्याच्या जोरावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला.)

रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट आपली इंजिनं विकण्याच्या खटपटीत अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मर्क्युरी मरीन या बोटीची इंजिनं करणाऱ्या कंपनीत गेले होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांना हे ब्यूकचं इंजिन पडलेलं दिसलं, अशी हकीकत सांगतात. विकायला गेलेला माणूस विकत घेण्याच्या तयारीने परतला. जानेवारी १९६५ मध्ये करार झाला आणि अमेरिकेने मोडीत काढलेलं इंजिन इंग्लंडात रोव्हर व्ही-८ झालं. पुढे रेंज रोव्हरमध्ये तेच, मॉर्गनमध्ये तेच. जवळपास चाळीस वर्षं ते बनत राहिलं.

आता खरी गंमत वजनाची. एमजीबीत मोठं इंजिन बसवण्याचा प्रयोग कारखान्याने आधी एकदा करून पाहिला होता. १९६७ साली आलेल्या एमजीसीमध्ये २९१२ सीसीचं सहा सिलिंडरांचं लोखंडी इंजिन होतं. ते मूळ इंजिनापेक्षा शंभरेक किलो जड. नाक जड झालं की गाडी वळणावर वळायला कां कूं करते. पत्रकारांनी झोडपलं आणि दोनेक वर्षांत गाडी बंद झाली. रोव्हरचं व्ही-८ तर साडेतीन लिटरचं आणि दोन सिलिंडर जास्त असलेलं. तरीही वजनाला ते एमजीबीच्या चार सिलिंडरी इंजिनाच्या जवळपासच भरतं. पुढचं नाक होतं तसंच हलकं राहतं आणि चाकं फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, दीडशेवरून एकदम दोनशे साठ न्यूटन-मीटरच्या घरात जातो.

बोनेटखाली ते मावतं हेही नवलच. एमजीबीची आखणी चालू होती तेव्हा बीएमसीच्या डोक्यात एक नवं व्ही-४ इंजिन होतं. ते रुंद असणार म्हणून इंजिनाची जागा ऐसपैस ठेवली गेली. व्ही-४ कधी आलंच नाही, जागा मात्र राहिली.

केन कॉस्टेलो या शर्यतवाल्या गृहस्थांनी केंटमधल्या आपल्या वर्कशॉपमध्ये १९७०च्या सुमारास एमजीबीत रोव्हर व्ही-८ बसवायला सुरुवात केली आणि तशा गाड्या विकल्याही. एमजी आणि रोव्हर या दोन्हींची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड, तिच्या साहेबांनी त्यांची गाडी मागवून पाहिली, आणि मग ॲबिंग्डनला हुकूम सुटला की आपणही अशी करा. कॉस्टेलोंच्या गाडीच्या बोनेटवर एक फुगवटा असायचा. व्ही-८ च्या दोन ओळींच्या मधल्या खोलगट जागेवर कार्बोरेटर बसतात आणि ते बोनेटला टेकतात, म्हणून तो फुगवटा. कारखान्याने वेगळा मॅनिफोल्ड ओतून कार्बोरेटर मागे, केबिनच्या भिंतीपाशी सरकवले आणि साधंच बोनेट वापरलं. आज विक्रीला आलेल्या गाडीचं बोनेट बघूनच जाणकार अर्धी कुंडली मांडतात, ती यामुळे.

हे कार्बोरेटर एसयूचे. अमेरिकन इंजिनावर टिकून राहिलेला हा अस्सल इंग्रजी अवयव. स्किनर नावाच्या एका चपलाबुटांच्या व्यापारी घराण्यातल्या भावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला. पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता, हे कळल्यावर त्या घराण्याचा धंदा आठवून हसू येतं. भात्याच्या जागी पुढे घुमटाकार टोपीखालचा धातूचा पिस्टन आला. इंजिन हवा ओढतं, तसा पिस्टनच्या वर दाब कमी होतो आणि पिस्टन आपोआप वर उचलला जातो. ओढ जितकी जास्त, तितका तो वर आणि हवेची वाट तितकी मोठी. पिस्टनच्या खाली निमुळती होत गेलेली एक सुई पेट्रोलच्या भोकात उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुई वर, सुईचा बारीक भाग भोकात येतो आणि पेट्रोलही तेवढंच जास्त. एका वेळी किती हवा आणि किती पेट्रोल, हा हिशेब एकाच हालणाऱ्या तुकड्यात! पिस्टनच्या पोकळ दांड्यात थोडं तेल भरलेलं असतं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तरी त्या तेलामुळे पिस्टन दमाने वर चढतो, आणि तेवढा क्षणभर पेट्रोल जरा जास्त मिळतं, जे वेग घेताना हवंच असतं. तेल आटलं तर गाडी पाय दाबताच अडखळते. मालकाला वाटतं पॉइंट गेले. असतो फक्त दोन चमचे तेलाचा प्रश्न.

ॲबिंग्डनने १९७३ ते १९७६ या काळात केवळ २५९१ व्ही-८ गाड्या केल्या. १३७ हॉर्सपॉवरच्या, आणि त्या सगळ्या बंद छताच्या, म्हणजे जीटी. उघड्या हूडवाली व्ही-८ एमजीबी त्यांनी केलीच नाही. म्हणजे आज बाजारात त्या काळची व्ही-८ रोडस्टर दिसली, तर ती कुणी ना कुणी बदल केलेलीच असणार. ‘ओरिजिनल आहे का?’ हा ग्राहकाचा लाडका प्रश्न तिथे विचारताच येत नाही. विचारायचं ते काम कसं झालंय हे. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर बदललंय का, हे सगळ्यात आधी. साध्या एमजीबीत ते ३.९ असतं, कारखान्याच्या व्ही-८ मध्ये ३.०७ होतं. ते न बदलता नुसतं इंजिन टाकलं असेल तर हायवेवर इंजिन विनाकारण किंचाळत राहतं. दुसरं रेडिएटर. कारखान्याने दोन विजेचे पंखे दिले होते ते उगाच नव्हे.

अशा गाड्यांसाठी अनेकांची पसंती असते ती सगळ्यात हिणवल्या गेलेल्या एमजीबीला. १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या सुरक्षा-नियमांपायी क्रोम बंपर गेले, काळे जाड रबरी बंपर आले आणि बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून गाडी दीडेक इंच उचलली गेली. गाडी वळणावर जास्त झुकू लागली, शौकिनांनी नाकं मुरडली. पण त्याच सुमारास कारखान्याने साध्या गाड्यांच्याही इंजिनघराचे पत्रे व्ही-८ च्या मापाचे केले होते. त्यामुळे रबरी बंपरची स्वस्त गाडी घ्यायची, इंच-दीड इंच खाली आणायची, क्रोम बंपर चढवायचे आणि व्ही-८ बसवायचं, हा तिथला रुळलेला धंदा झाला. जाहिरातीतल्या ‘क्रोम बंपर’ या दोन शब्दांमागे बऱ्याचदा हे सगळं असतं.

आता बॉडी. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. हूडच्या गाडीत छताचा आधार नसल्याने सगळा भार दारांखालच्या पोकळ पेट्यांवर येतो. तिकडे त्यांना सिल म्हणतात. तीन-चार पत्रे एकात एक जोडलेले. त्यांत पाणी शिरतं, थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ शिरतं आणि सिल आतून सडत जातं. बाहेरून पुट्टी भरून रंग मारला की चकचकीत. म्हणून जाणकार आधी दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट बघतात. खाली सिल सडून गाडी मध्ये वाकली असेल तर ती फट मिटत येते आणि दार उघडताना अडतं. मग खिशातून लोहचुंबक निघतो. पत्र्यावर तो चिकटतो, पुट्टीवर चिकटत नाही.

सडलेल्यांवर उपाय १९८८ साली आला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या नव्या कोऱ्या बॉडी करायला घेतल्या. बंद पडलेल्या गाडीचा आख्खा सांगाडा नवा मिळू लागला. आणि इथेच सरकारी हिशेब मजेदार होतो. बदल केलेली गाडी मूळचीच आहे का हे ठरवायला ब्रिटनचं वाहन खातं २०२५ पर्यंत कित्येक वर्षं गुण मोजायचं. बॉडीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला अवघा १. आठ गुण भरले की जुना नंबर कायम राहायचा. कारखान्याच्या मापाची नवी बॉडी आणली तरी पाचाचे पाच; पण जुनीच बॉडी मनासारखी कापली की ते पाच धोक्यात. ज्याच्या आवाजासाठी माणूस एवढा खर्च करतो, त्या इंजिनाची किंमत एक गुण! मला हा हिशेब पटतो. एमजीबीला एमजीबी करणारी गोष्ट तिच्या बॉडीची रेषा आहे, पुढचं इंजिन नाही.

आपल्याकडे सूर वेगळा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मुंबई-पुण्याच्या एखाद्या शौकिनाने एमजीबीत व्ही-८ टाकलं, तर त्या अक्षरांची आशा त्याने सोडावी.

कंपनीनेही शेवटी कॉस्टेलोंचाच कित्ता पुन्हा गिरवला. १९९२ च्या बर्मिंगहॅम मोटर शोमध्ये एमजी आरव्ही-८ आली : हेरिटेजची बॉडी, फुगवलेले मडगार्ड, आत चामडं आणि लाकूड, बोनेटखाली तेच व्ही-८, आता ३.९ लिटरचं आणि १९० हॉर्सपॉवरचं. कारखान्याची पहिली उघडी व्ही-८, पण एमजीबी बंद झाल्यावर बारा वर्षांनी. दोन हजारांच्या आसपास झाल्या आणि बहुतेक जपानने उचलल्या. शॉकअब्सॉर्बर नव्या पद्धतीचे दिले होते. मागचा ॲक्सल मात्र १९६२ सारखा पाट्यांवरच होता.