'ताबा सुटला' म्हणण्याआधी

बाईवर हात टाकल्याची किंवा बायकोला मारहाण केल्याची बातमी आली की सरावलीच्या चाळींत, तारापूर एमआयडीसीची पाळी संपवून आलेल्यांच्या गप्पांत, एक निकाल ठरलेला असतो: 'ताबा सुटला असेल त्याचा.' म्हणजे वासना चढली की हात उठणारच. हा समज तपासायला मानसशास्त्राने सुरुवात केली, त्याला आता अर्धशतक उलटलं.

१९७१ साली अमेरिकेत डॉल्फ झिलमन यांनी काही तरुणांना आधी मुद्दाम चिडवलं. मग कुणाला साधा, कुणाला मारामारीचा, तर कुणाला कामुक चित्रपट दाखवला. शेवटी चिडवणाऱ्याला विजेचे झटके देण्याची संधी दिली. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. सर्वांत जोरदार झटके कामुक चित्रपट पाहिलेल्यांनी दिले. झिलमन यांच्या मते, शरीराची वाढलेली धडधड लगेच ओसरत नाही. ती आधीच्या रागाच्या कामी येते. राग आधीचा असतो, हा भाग सांगताना लोक सोयीने गाळतात.

पुढच्याच वर्षी मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' आला. सेन्सॉरने ३२ ठिकाणी कात्री सुचवली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. गदारोळ झाला तो अश्लीलतेवरून. पण सखाराम घरात ठेवलेल्या चंपाचा गळा आवळतो तेव्हा त्याच्यात वासना असते कुठे? तिच्या आधी घरात असलेली लक्ष्मी परतल्यापासून तो अंगाने थंड पडलाय, चंपा त्याची मर्दानगी काढते आणि वर त्याचा मित्र दाऊद याच्याशी असलेलं तिचं प्रकरण त्याच्या कानावर येतं. खून करतो तो दुखावलेला मालक. माझ्या मते नाटककार इथे प्रयोगशाळेच्या पुढे होता.

प्रयोगशाळाही हळूहळू तिकडेच वळली. १९७४ मध्ये रॉबर्ट बॅरन यांना दिसलं, की सौम्य नग्नचित्रं पाहून चिडलेले पुरुष उलट निवळतात. १९८० मध्ये एडवर्ड डॉनरस्टीन यांनी कामुक दृश्यात बाईवरची जबरदस्ती मिसळली, तेव्हा मात्र बाईला दिलेले झटके वाढले.

पुढे शोध थेट मेंदूत पोहोचला. २०११ मध्ये मेंदूवैज्ञानिक दायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांनी नर उंदरांच्या मेंदूच्या एका भागात हल्ल्याच्या आणि समागमाच्या पेशी शेजारीशेजारी, काही तर सामाईक सापडल्याचं दाखवलं. त्या भागातल्या पेशी प्रकाशाने चेतवल्या की नर मादीवर, अगदी फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडे. समागम सुरू असताना तोच हल्ला घडवायला मात्र कितीतरी प्रखर प्रकाश लागला.