मूठ कशी निवडावी?

कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागून पंचगंगा ओलांडली की थोड्याच वेळात शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या फाउंड्रींमध्ये साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडांवरचा जादा धातू काढून टाकण्याचा एक विभाग असतो. त्याला सगळे 'फेटलिंग' म्हणतात. अशाच एका ठिकाणी हातोडीच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आम्ही पाहिली. कारण विचारले तेव्हा कामगार म्हणाले, "साहेब, ट्यूब गुंडाळली की हाताला लागत नाही." पलीकडे ग्राइंडरच्या मुठीवरही असेच जाडजूड वेटोळे होते. मात्र तो चालवणाऱ्याची बोटे संध्याकाळी बधिर होत होती. एकाला उपाय लागू पडला, दुसऱ्याला का नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला रिव्हॉल्व्हरची मूठ हे उदाहरण सोयीचे आहे. तिथे धक्का एकच असतो आणि तो कागदावर मोजता येतो. कोल्हापूरकरांना नेमबाजीचा विषय परकाही नाही. इथल्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ सालच्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

धक्का येतो कुठून?

गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे येते. दोघांचे संवेग सारखेच, पण विरुद्ध दिशांना असतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. एवढ्याच वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून ६ ग्रॅमची गोळी सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटली असे समजू. गोळीचा संवेग ०.००६ × २०० म्हणजे १.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. म्हणून रिव्हॉल्व्हर सेकंदाला २.४ मीटर वेगाने मागे येईल. (बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा सोपेपणासाठी सोडला आहे.) शस्त्र एक किलोचे असते तर हा वेग निम्मा झाला असता आणि हातावर येणारी गतिज ऊर्जाही १.४४ ज्यूलवरून ०.७२ ज्यूलवर आली असती. म्हणजे जवळ बाळगायला जे हलके, तेच हाताला जड!

मूठ बदलल्याने हा संवेग कमी होत नाही. मुठीच्या हातात दोनच गोष्टी असतात: वेळ आणि क्षेत्रफळ. तोच संवेग शंभरांश सेकंदात थोपवला तर सरासरी बल १२० न्यूटन होते. मऊ रबरामुळे तीच क्रिया तीन शतांश सेकंद चालली, तर बल ४० न्यूटनवर येते. चार चौरस सेंटिमीटरऐवजी बारा चौरस सेंटिमीटर तळहात टेकला, तर दाब आणखी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरची मूठ म्हणजे धातूच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेल्या फळ्या असतात. मागचा धातूचा कणा उघडा राहिला तर तो अंगठ्यालगतच्या खाचेत रुततो. कणा झाकणारी रबरी मूठ बसवल्यावर आराम वाटतो तो यामुळे.

नळी हाताच्या वर असते, म्हणून शस्त्र मागे येता येता वरही उसळते. पकड जितकी नळीच्या जवळ, तितकी तरफेची भुजा लहान आणि उसळी कमी. म्हणून हात वर सरकू देणारी मूठ चांगली.

जाड म्हणजे चांगली नव्हे

मग सर्वांत जाड आणि सर्वांत मऊ मूठ का घेऊ नये? कणा झाकला की तळहात चापापासून दूर जातो. लहान हाताच्या माणसाचे बोट मग चापावर जेमतेम टेकते आणि चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. नेम चुकतो तो इथे. उलट, मूठ फार बारीक असेल तर बोटांची टोके तळहातात रुततात आणि पकडीतला जोर वाया जातो. शिवाय रबर कपड्याला अडकते. गुळगुळीत लाकूड अडकत नाही, पण घामाने निसटते. प्रत्येक निवडीत काही मिळते, काही सुटते.

स्पर्धेतल्या नेमबाजांनी यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. त्यांची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. जिथे हाताला रुतेल तिथे ती कानशीने घासायची, जिथे पोकळी राहील तिथे लांबी भरायची. त्यालाही नियमांची मर्यादा आहे: तळहाताखालचा आधार मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही. सार एवढेच, की मूठ हाताच्या मापाने करायची, मुठीच्या मापाने हात नव्हे.

पुन्हा शिरोलीत

हातोडीचा घाव हा गोळीसारखाच एक सुटा धक्का आहे. ट्यूबचा थर तो थोडा लांबवतो आणि पसरवतो. ग्राइंडरची गोष्ट वेगळी आहे. तिथे कंपने सतत चालू असतात. मऊ थर जलद कंपने काही प्रमाणात अडवतो, मंद कंपने मात्र जवळजवळ तशीच हातात जातात. त्यात मूठ जाड झाली की कामगार ती अधिक आवळून धरतो, आणि पकड जितकी घट्ट तितकी कंपने हातात जास्त शिरतात. वर्षानुवर्षे असे चालले तर बोटांच्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू बिघडतात. थंडीत बोटे पांढरी पडतात, सुईत दोरा ओवणे, शर्टाचे बटण लावणे अवघड होते. अशा वेळी ट्यूबचे आणखी एक वेटोळे हा उपाय नव्हे. तोल गेलेले चाक बदलणे, कामात विश्रांती देणे आणि हाताच्या मापाची मूठ बसवणे, हा उपाय.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एक फूटभर काठी घ्या. तिच्यावर वर्तमानपत्राचे थर गुंडाळत २, ३, ४, ५ आणि ६ सेंटिमीटर व्यासाच्या मुठी करा. एका विद्यार्थ्याने मूठ आडवी धरावी. तिच्या मध्याला दोरीने पिशवी टांगून हात निसटेपर्यंत तिच्यात वजने वाढवावीत. पिशवी जमिनीपासून चार बोटेच वर ठेवा, म्हणजे पायाला इजा होणार नाही. व्यास आणि पेललेले वजन यांचा आलेख काढा. प्रत्येकाच्या हाताची लांबीही मोजून ठेवा. आलेखाचा माथा सर्वांचा एकाच जागी येतो का? येत नसेल, तर एकाच मापाच्या मुठी शेकडो हातांत देणाऱ्यांना विचारायचा प्रश्न तुमच्या विद्यार्थ्यांना सापडला आहे.