‘एस’ पानांवरची गडचिरोली

संशोधन नियतकालिकांत पानाच्या आकड्याआधी कधी कधी एक अक्षर लागलेलं दिसतं: एस ११, एस ६२, एस १०८. हा ‘एस’ सप्लिमेंटचा. ही पानं नेहमीच्या अंकात धरायची नाहीत, पुरवणीची आहेत, एवढंच तो सांगतो. मार्च २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ या अमेरिकेतून निघणाऱ्या नियतकालिकाच्या पंचविसाव्या खंडाची पहिली पुरवणी आली. सव्वाशेच्या आसपास पानं, आणि लेखांच्या शीर्षकांत पुन्हा पुन्हा येणारं एकच नाव: गडचिरोली.

मराठी वाचकाला विशेषांक नवा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक हातात घेऊन आधी अनुक्रमणिका बघायची सवय घराघरांत आहे. पण शास्त्रीय नियतकालिकाचा विशेषांक ही जरा वेगळी चीज आहे. तिथे नावाजलेले लेखक गोळा करून भागत नाही. एकच प्रश्न धरायचा, तो चहूबाजूंनी उलगडायचा आणि प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या परीक्षेतून पार पडला पाहिजे.

गडचिरोलीचा प्रश्न होता नवजात बाळांच्या मृत्यूचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत काम आणि तुलनेसाठी ४७ गावांत नुसती नोंद असा प्रयोग मांडला. ३९ गावांत गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं, हे सगळं तिने घरोघरी जाऊन केलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापला: तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी.

मग पाच वर्षांनी अख्खी पुरवणी कशाला?

कारण ‘लॅन्सेट’मधल्या मोजक्या पानांत निष्कर्ष मावतो, कृती मावत नाही. दुसऱ्या देशातल्या आरोग्य अधिकाऱ्याला हा प्रयोग करून बघायचा, तर त्याचे प्रश्न वेगळे असतात. श्वास न घेणाऱ्या बाळाला तोंडाने फुंकर द्यायची, नळी-मास्कने की पिशवी-मास्कने? पुरवणीत या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख आहे. गडचिरोलीत हे तिन्ही प्रकार वापरून झाले होते. श्वास गुदमरून होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले आणि पिशवी-मास्क उजवा ठरला. कमी वजनाच्या बाळांवर वेगळा लेख, जंतुदोषावर वेगळा. दहा वर्षांचा हिशेब शेवटाकडे येतो: कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ५८ वरून ६४ वर गेला. म्हणजे तुलनेने ७० टक्के घट.

विशेषांक काय करू शकतो हे बघायचं तर त्यातला ‘बाळं का मरतात’ हा दोन भागांतला लेख उघडावा. १९९५-९६ मध्ये ७६३ बाळांची बारीक नोंद झाली. त्यांतली ४० दगावली. पहिल्या भागात नवजात-तज्ज्ञाने नोंदी वाचून प्रत्येक मृत्यूला एक मुख्य कारण दिलं: २१ जंतुदोष किंवा न्यूमोनियाने, आठ श्वास गुदमरून, सहा फार अपुऱ्या दिवसांची.  दुसऱ्या भागात तेच ४० मृत्यू पुन्हा मांडले आणि विचारलं, की खरंच एकच कारण होतं का? बहुतेक बाळांना एकाहून अधिक दुखणी होती. अपुऱ्या दिवसांचं बाळ, त्यात गारठलेलं, वर जंतुदोष. एकेका दुखण्यातून ते कदाचित निभावलं असतं, दोन-तीन एकत्र आल्यावर नाही. एकच सामग्री आणि तिची दोन वाचनं शेजारी-शेजारी. सुट्या लेखांत, निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरली असती, तर ही जोडी वाचकाच्या हाती एकत्र पडली नसती.

आक्षेपाला जागा आहे. सगळे लेख जवळपास एकाच गटाचे. आपल्या कामाची पुरवणी आपणच लिहायची? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर पुरवणीत मिळणारही नाही. ते बाहेर मिळालं. बांगलादेशात सिल्हेटला अशीच गृहभेटींची पद्धत वापरून बघितली गेली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचा निकाल आला: ३४ टक्के घट. गडचिरोलीच्या निम्मी, पण दिशा तीच.

असे अंक बहुधा अतिथी संपादकाच्या हाती दिले जातात. तो विषयातला जाणकार असतो. विषयाची मांडणी करायची, लेखांसाठी आवाहन काढायचं, परीक्षक शोधायचे आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायचं, हे त्याचं काम. ओळखीच्या माणसाचा लेख परत पाठवणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम मात्र स्पष्ट आहे: पाहुणा कितीही मोठा असो, जबाबदारी मुख्य संपादकाचीच, आणि अंकाला पैसा कुणी दिला हे छापलंच पाहिजे. पाहुण्याला माजघरात येऊ द्यावं, तिजोरीच्या किल्ल्या देऊ नयेत.

किल्ल्या दिल्यावर काय होतं, ते ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेने दाखवलं. २०२१ मध्ये ‘वायली’ने ती विकत घेतली. लेखकाकडून शुल्क घेऊन छापायचं, तेव्हा जितके विशेषांक तितका गल्ला. त्या दारातून ‘पेपर मिल’, म्हणजे पैसे घेऊन तयार लेख विकणारे कारखाने, आत शिरले. २०२३ या एका वर्षात हिंदावीला आठ हजारांवर लेख मागे घ्यावे लागले, त्यांतले बहुतेक विशेषांकांतले. शेवटी वायलीने ते नावच टाकून दिलं.

आपल्याकडे हा आजार लहान आकारात आणि घरगुती चवीचा आहे. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक, विषय ‘दशा आणि दिशा’ अशा धर्तीचा, उपविषयांत वाणिज्यापासून क्रीडेपर्यंत सगळं, आणि तळाशी ठळक अक्षरांत: निवडक पेपर आयएसएसएन विशेषांकात. निवडक म्हणजे ज्यांनी शुल्क भरलं ते. प्राध्यापकांनाही नुसता दोष देऊन चालत नाही. पदोन्नतीचे पॉइंट पेपरच्या संख्येला बांधले की संख्याच पिकते. चाळणी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली, आणि आता नियतकालिक पारखायचं काम ज्याच्या त्याच्या विद्यापीठावर आलं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून उभं आहे. विषयांचा इथे दुष्काळ नाही. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडायचा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख आहे, माडिया भाषा आहे. किंवा मोहफुलांचा हंगामच घ्या. पहाटे फुलं वेचायला जंगलात गेलेल्या बाईवर वाघाचा हल्ला होतो. वनखात्यासाठी ती भरपाईची फाइल असते, डॉक्टरसाठी जखम, वन्यजीव अभ्यासकासाठी वाघाच्या हद्दीचा प्रश्न, तर तिच्या घरासाठी बुडालेली वर्षाची कमाई. त्या ४० बाळांसारखंच, एकाच घटनेची चार वाचनं. ती एका अंकात शेजारी-शेजारी यायला हवीत, आणि त्या अंकाचा अतिथी संपादक याच भागातला, निम्मे लेख परत पाठवायची छाती असलेला हवा.

अशा अंकाचं आवाहन निघालं तर प्राध्यापकांनी लेख जरूर पाठवावा. मात्र आठ दिवसांत एकही शंका न विचारता स्वीकृतीपत्र आणि सोबत बँक खात्याचा क्रमांक आला, तर लेख तितक्याच तातडीने परत मागवावा.